खटका वर

जुन्या पिस्तुलाचा सुरक्षेचा खटका खाली ओढला की चाप मोकळा व्हायचा, गोळी सुटायची.

दादासारख्या डावखुऱ्या माणसाला या शहरात धड कात्रीसुद्धा मिळत नाही.

आईने दादाचा डबा घासून पालथा घातलाय. रोज घालते.

नव्या पिस्तुलाचा खटका वर ढकलला की गोळी सुटते. खाली ओढला की बंद.

"घाबरला तो," पिस्तूल शिकवणारा दादाबद्दल म्हणाला.

हे ऐकलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. दादा औषधांच्या गोदामाच्या मागच्या फाटकावर पहारेकरी होता, ती पुढच्या. भरदुपारी चोर आले. दादाने पिस्तूल काढलं, रोखलं, ते उडालंच नाही. उभ्याउभ्या मारला गेला. नवी पिस्तुलं येऊन चार दिवस झाले होते आणि शिकवणी उरकली होती एका चहात. तरी साहेबलोकांनी ठरवून टाकलं: पिस्तूल चोख, माणूस भेकड. आता तिने मागचं फाटक मागून घेतलं होतं. त्यासाठीच्या पिस्तुलाच्या चाचणीत नापास झाली, तर या घराण्यालाच पिस्तूल पेलत नाही, असं म्हणायला सगळे मोकळे.

सरावाची खोली शस्त्रखोलीला लागून. ट्यूबलाइट, तेलाचा वास, रबरी चटई. रिकामं पिस्तूल. काढायचं, रोखायचं, खटका, चाप. तिचा उजवा अंगठा दर वेळी खालीच जायचा. हाताला लागलेलं वळण ते. शिव्या घालून थोडंच सुटतं. तिने घालून पाहिल्या.

"जित्याची खोड, ताई," शिकवणारा म्हणाला. "मेल्याशिवाय जायची नाही."

"ताई म्हणू नका मला."

"बरं, मॅडम. खटका वर."

घामेजलेला तळवा पँटला पुसायला तिने पिस्तूल डाव्या हातात घेतलं. डाव्या हाताची तर्जनी आपणहून मागे दुमडली, खटक्याखाली गेली, त्याला वर ढकलून चापावर येऊन थांबली. कुठे अडखळणं नाही. डाव्या हाताने तिने कधी दातसुद्धा घासले नव्हते.

शिकवणाऱ्याचं हसू मावळलं. "तुमचा भाऊ असंच करायचा. डाव्या हाताचा अंगठा खटक्यापर्यंत पोचत नाही म्हणून. त्याने शिकवलं?"

"नाही," ती म्हणाली. खरं होतं ते.

संध्याकाळी तिने दाराला किल्ली लावली. आतून आई म्हणाली, "आलास?"

"मी आहे, आई."

आई हात पुसत बाहेर आली. "किल्ली त्याच्यासारखी फिरली गं." मग तिची नजर किल्लीवर गेली. किल्ली डाव्या हातात होती.

"आता त्यावरूनही बोल मला," ती खेकसली आणि न जेवता झोपली.

दुसऱ्या संध्याकाळी आईने काही विचारलं नाही. फक्त पाण्याचा पेला तिच्या डाव्या बाजूला ठेवला.

चाचणी उजेडात झाली, भिंतीआडच्या मैदानात. लाकडी टेबल, समोर कागदी माणूस, मागे वाळूच्या गोण्या.

"उजव्या हातात घ्या," शिकवणारा म्हणाला.

तिने घेतलं नाही.

काढलं. रोखलं. तर्जनी मागे गेली, खटका वर गेला. चाप ओढला.

काही नाही.

पुन्हा ओढला.

"खाली ओढलात तुम्ही," शिकवणारा म्हणाला. "घाबरल्यावर होतं असं."

तिने पिस्तूल गोण्यांकडे तोंड करून टेबलावर ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज शांत होता.

"खटका वर होता. मी घाबरलो नव्हतो."

'घाबरलो' ऐकून शिकवणाऱ्याने मान वर केली.

"तुम्हाला सांगितलं होतं मी. जिन्यात. खटका घट्ट आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, वापरून सुटेल."

शिकवणाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. जिन्यात तेव्हा तो आणि दादा दोघंच होते, असं काहीसं तो पुटपुटला. पिस्तूल उचललं. खटका वरच होता. त्याने गोण्यांवर रोखून चाप ओढला, उडालं नाही. मग खटक्यावर अंगठा दाबला, दुसऱ्या हाताचाही दाबला. खटका खाली येईना, वर सरकेना.

"लिहा," ती म्हणाली. "पिस्तूल अडकलं, असं लिहा."

त्याने लिहिलं.

त्याच सकाळी, चाचणीआधी, शिकवणाऱ्याने तेच पिस्तूल स्वतः झाडून पाहिलं होतं, आणि ते व्यवस्थित उडालं होतं.