शेवटच्या फुलाचा पराग

पंखेवाल्याला जायचं होतं शेजारच्या काचघरात. चुकून त्याने तिचं दार ढकललं, आणि तोंडावर झळ येताच म्हणाला, “मिरच्या लावल्यात की भाजायला ठेवल्यात?”

तिने मान वर केली. बाबा दवाखान्यात होते तेव्हाच इथला पंखा बंद पडला होता. ते गेले, तरी कुणाला बोलवावं हे तिला सुचलं नव्हतं.

त्याने न विचारताच पाना काढला. काम करता करता तो विचारत राहिला आणि ती—कितीतरी दिवसांनी—बोलत राहिली. बाबांना सापडलेली ही मिरची. फुलं भरभरून, पण त्यांत परागच नाही, नरवंध्य. तिचा वाण टिकवायचा तर शेजारच्या कुंडीतल्या जोडीदार रोपाचाच पराग लागतो. जुनं बी उगवलं नव्हतं. जोडीदार एकच उरलेला. त्याचा पराग उकाड्याने मेला होता, आणि आता मुळंही सडत होती.

“गारवा मिळाला तर?”

“कोवळ्या कळ्यांत धरेल कदाचित... रोप तोवर तगलं तर.”

पंखा फिरू लागला. तरी तो येतच राहिला.

“कुरकुरतोय का, बघायला आलो.”

“नाही कुरकुरत.”

“अरेरे! मग मीच कुरकुरतो—चहा नाही, पाणी नाही...”

ती हसली, आणि हसल्याचंच तिला वाईट वाटलं.

कोपरापर्यंत हात धुऊन तो जोडीदाराची फांदी धरायचा. ती चिमट्याने फूल उघडायची. काचपट्टीवर रंगाचा थेंब टाकला की जिवंत पराग लाल होतो, मेलेला कोरा राहतो. त्याचा श्वास तिच्या मनगटापाशी अडलेला असायचा. दर वेळी सगळे कोरे.

शेवटचं फूल उमललं तोवर रोपाने मान टाकली होती. तिने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पुन्हा पाहिलं. “तुम्ही बघा.”

तो बराच वेळ वाकून राहिला. “एक... लाल—” मग हळूच, “नाही हो. रंगाचाच कण आहे.”

बाबा गेले तेव्हा न आलेलं रडू तिला आता आलं.

“खोटं सांगितलं असतंत तरी चाललं असतं.”

“तुमच्याशी... नाही जमत मला.”

बाबांची मिरची पांढऱ्या फुलांनी लगडली होती. तिच्यासारखी दुसरी आता होणार नव्हती. डोळे पुसून ती पंख्याच्या बटणाकडे गेली. “कुणासाठी चालवायचा आता?”

“राहू दे गं,” तो म्हणाला. “फुललीय ती अजून.”

तिने हात मागे घेतला. बाकावर येऊन बसली—एका कडेला, शेजारी जागा ठेवून.