डावऱ्याचं बोट

"बाई, पटकन चला! डावऱ्याचं बोट कापलंय कुणीतरी!"

कप्तान दारात धापा टाकत उभा होता. फौजदारबाईंनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. तीस वर्षं पोलिसात काढलेल्या या बाईंना नव्या क्रिकेट संघाने सुरक्षेचं काम दिलं होतं, आणि आजवर त्या नुसती गळ्यातली ओळखपत्रं बघत आल्या होत्या. संघ जन्माला येऊन जेमतेम तीन महिने झालेले. आज पहिलावहिला सामना, तोही घरच्या मैदानावर, चार वाजता. आणि साडेबाराला हे झेंगट!

किटच्या खोलीत डावऱ्या भिंतीला टेकून बसला होता. डाव्या हाताची तर्जनी तीन चिकटपट्ट्यांनी आवळलेली, तरी रक्त झिरपतच होतं. याच बोटाने तो चेंडू वळवायचा. वय तेहतीस. अख्ख्या संघात गावचा असा हा एकटाच, म्हणून गावभर पोस्टरवर याचाच चेहरा.

"कुणी केलं?"

"दिसला नाही. मागून डोक्यावर टॉवेल टाकला, हात दाबला, ब्लेड फिरवलं आणि पळाला."

"पट्ट्या कुणी बांधल्या?"

"मीच. तो गेल्यावर."

"हे दार तर आपोआप लागतं. बाहेरून उघडायला किल्ली कुणाकडे?"

डावऱ्याने मान फिरवली. कप्तान चाचरत म्हणाला, "एकच किल्ली आहे बाई. काकांकडे."

किटवाले काका म्हणजे डावऱ्याचे सख्खे वडील. जन्मभर याच मैदानावर रोलर ओढला, आता संघाचे कपडे धुणं, बूट पुसणं, बॅटींना पट्ट्या लावणं त्यांच्याकडे. बाप-लेक एकाच संघात, म्हणून वर्तमानपत्रात केवढं कौतुक छापून आलेलं.

मॅनेजर तरातरा आत आला. "झडती घेतली मी! चिकटपट्टी कापायचं ब्लेड म्हाताऱ्याच्या खिशात होतं. धुतलेलं, ओलं! तीन वाजता पोलिसांना बोलावतो. नाणेफेकीच्या आधी हे प्रकरण मिटलं पाहिजे."

बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि खोली बघितली. टेबलाच्या कडेला चिकटपट्टीचे आणखी दोन तुकडे लटकत होते. पांढरे स्वच्छ. टोकं वेडीवाकडी फाटलेली, त्यावर दात रुतल्याच्या खुणा. गुंडाळी मात्र कपाटात, वरच्या फळीवर, डब्यात नीट ठेवलेली. डब्यावर, कपाटाच्या मुठीवर रक्ताचा डाग म्हणून नाही.

काका धुण्याच्या खोलीत बसले होते. समोर चहा आणि बिस्किटं, दोन्हीला हात लावलेला नव्हता.

"खा काका. सकाळपासून उपाशी असाल."

"कवळी घरीच राहिली, बाई. पहिला सामना ना, गडबडीत विसरलो." तोंडाचं बोळकं झाकत ते ओशाळं हसले.

"काल रात्री पोराशी भांडलात म्हणे?"

"खेळू नकोस म्हणालो."

"का?"

काकांनी बिस्किटांची बशी बाजूला सारली.

"ब्लेड तुम्ही धुतलंत?"

"हो. मीच कापलं, मीच धुतलं. लिहून घ्या आणि मोकळ्या व्हा."

इतक्या सहज कबुली देणारा माणूस त्यांनी नोकरीत फार थोड्या वेळा पाहिला होता.

बाहेर कप्तान येरझाऱ्या घालत होता.

"डावऱ्याचा सराव कसा चालला होता?" बाईंनी विचारलं.

"चार दिवस खांदा दुखतोय म्हणून गोलंदाजी केलीच नाही त्याने. पण अवलीच आहे हो! परवा क्षेत्ररक्षण करताना चेंडू फेकायचा सोडून सीमारेषेपासून चालत घेऊन आला. म्हणे, पाहुणा आहे, पोचवायला आलो. हसून हसून पुरेवाट झाली आमची."

बाईंना मात्र हसू आलं नाही.

तीन वाजता त्यांनी चौघांना किटच्या खोलीत बसवलं.

"ज्याच्यावर हल्ला होतो," त्या म्हणाल्या, "तो आधी जखम दाबतो. मग रक्ताळल्या हाताने पट्टी शोधतो. इथे गुंडाळीवर, डब्यावर, कपाटावर रक्ताचा थेंब नाही. म्हणजे पट्ट्या बोट कापायच्या आधीच तोडून टेबलाला लावल्या होत्या. पाच तोडल्या, तीन लागल्या, दोन उरल्या. कापल्यावर काय लागणार हे कुणालातरी आधीच ठाऊक होतं."

"म्हाताऱ्याने तोडल्या असतील!" मॅनेजर फिसकारला.

"काका पट्टी ब्लेडने कापतात, सरळ. या दातांनी तोडल्यात. आणि काकांचे दात आज घरी आहेत."

बाई डावऱ्याकडे वळल्या.

"हल्ला झालाच नाही. हो ना रे?"

डावऱ्याचा चेहरा पडला.

"चेंडू सुटत नाही हातातून," तो कसंबसं म्हणाला. "हात वर जातो आणि बोटं मिटूनच राहतात. चार दिवस झाले. वीस वर्षं वाट बघितली बाई, आपल्या गावाचा संघ व्हावा म्हणून. जखमी होऊन बसलो तर लोक हळहळतील. भर मैदानात हात वर करून उभा राहिलो तर हसतील."

"मला ठाऊक होतं," काका म्हणाले. "पहाटे आम्ही दोघंच सरावाच्या जाळीत जायचो. आज खोलीही मीच उघडून दिली याला. हा ओरडल्यावर पहिला मीच आत आलो. ब्लेड पडलेलं दिसलं. म्हटलं याच्याकडे कुणी बोट नको दाखवायला."

"आणि तू?" बाईंचा आवाज चढला. "अडीच तास तुझा बाप तुझ्या गुन्ह्यापायी बसून होता. तोंड का नाही उघडलंस?"

"उघडणार होतो."

"कधी?"

डावऱ्या गुडघ्यात डोकं खुपसून लहान पोरासारखा रडायला लागला.

मॅनेजर करार, बदनामी असं काहीबाही बोलू लागला. "अहवालात खरं तेच लिहीन," बाईंनी त्याला तोडलं, "आणि काकांवर ठपका येणार नाही." कप्तान मॅनेजरला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. बाईही बाहेर दारापाशी जाऊन थांबल्या.

बाहेर गॅलऱ्या भरल्या होत्या. आत काय घडलंय याची कुणाला वार्ता नव्हती. "डावऱ्या! डावऱ्या!" असा एकच गजर चालला होता.

काकांनी टोपलीतून एक नवा चेंडू काढला, लेकाच्या तळहातावर ठेवला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

"टाक इकडे."

"बाबा, नको ना."

"इथे कोण आहे बघायला? मीच आहे. टाक."

डावऱ्याने डोळे पुसले. पट्टी बांधलेला हात वर गेला. वरच राहिला. बोटं उघडेनात. बाहेर त्याच्या नावाचा गजर वाढतच होता.

मग हात खाली आला. डावऱ्या उठला, चार पावलं चालत गेला आणि त्याने चेंडू बापाच्या हातात नेऊन दिला.