नाताळची पहिली थाळी

“आई, मर्सीकाकूनं ते आपल्याला दिलंय ना?”

उलोमाने उत्तर दिले नाही. शेजारच्या मर्सीच्या निळ्या भांड्यातला तांबडा भात ती चमच्याचमच्याने आपल्या पांढऱ्या थाळीत काढत होती, आणि आठ वर्षांची कामसी दाराला टेकून प्रत्येक चमच्याबरोबर मान वरखाली करत होती.

“आई...”

“जा, बाबांना सांग, रताळी उकडलीत म्हणून.”

“आज पण?”

आज पण! उमुआहियातल्या त्या गल्लीत सकाळपासून घराघरातून कोंबडी तळल्याचा वास सुटला होता, उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या धुळीच्या वाऱ्यावर तो दारोदार फिरत होता, आणि उलोमाच्या चुलीवर होती चार रताळी. नवऱ्याची, न्वोसूची, प्रवासी गाडी पावसाळ्यात बंद पडली ती पडलीच. नाताळच्या आधी तांदूळ येतील, असे तो रोज म्हणायचा. परवापासून त्याने म्हणणे सोडले होते.

आणि तरीही थाळी जायला हवी होती.

नाताळला घराघरातून झाकलेल्या थाळ्या निघत, पण रीत अशी की थोरल्या भावंडाच्या घरची थाळी आधी. ती पोहोचल्याशिवाय धाकट्याने मोठ्याकडे काही पाठवायचे नाही. उलोमा मोठी. ओगेची तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ओगेची इतकी लहान होती की तिची वेणीसुद्धा उलोमाच घालायची. तिच्या फीसाठी उलोमाने स्वतःची शाळा सोडली, लोकांचे कपडे शिवत शिवत ती म्हातारी व्हायच्या आधीच वाकली... आणि ओगेचीचे आता औषधांचे दुकान होते, दुमजली घर होते, अंगणात सासू-सासरे होते. अशा घरी उलोमाची थाळी एका नाताळला आली नाही, तर? सगळे समजतील. ओगेचीची सासू अदाकू तर गल्लीभर समजावून देईल!

भाताखाली कोंबडीची तंगडी निघाली. तिच्याखाली पेटा, कोंबडीच्या पोटातला तो कडक, मांसल गोळा.

उलोमा थबकली. पेटा घरच्या कर्त्या पुरुषाचा, तो कुणी बाहेर देत नाही. पण मर्सी विधवा, तिच्याकडे तो खाणार कोण? आतडे स्वच्छ धुऊन त्याच्याभोवती गुंडाळले होते, दोन गाठी मारून. किती देखणा! क्षणभर तिला न्वोसूचा चेहरा आठवला.

मग तिने तो पेटा भाताच्या अगदी वर ठेवला. सगळ्यांना दिसेल असा.

*

ओगेचीच्या अंगणात आरडाओरडा चालला होता.

“कोंबडी मी कापली, मी साफ केली, मी शिजवली, आणि पेटा तेवढा गायब! त्याला पंख फुटले का?” अदाकू कढईत डाव ढवळत विचारत होती. “ह्यांना आता काय वाढू? मान?”

“मान चालेल,” सासरे दुरू खुर्चीतून म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा! घरधन्याला मान वाढली म्हणून माझ्याच माहेरचे हसतील.” तेवढ्यात तिला फाटकाशी उलोमा दिसली. “या, थोरल्या बाई, या! म्हटलं यंदा वाट चुकलात की काय.”

“नाताळच्या शुभेच्छा, आई.” उलोमाने गुडघे किंचित वाकवून थाळी पुढे केली. ओगेची स्वयंपाकघरातून कमरेच्या कापडाला हात पुसत बाहेर आली, आणि थाळीवरच्या फडक्याखालून डोकावणारा तांबडा भात पाहून तिच्या चेहऱ्यावरचे रक्तच उतरले.

“ताई, आत आण. आत देते मी...”

“आत कशाला? बघू तरी!” म्हणत अदाकूने फडके उचलले.

भातावर पेटा.

दोन गाठी.

“ही माझी गाठ आहे,” अदाकू हळूच म्हणाली. मग हळू राहिली नाही. “ही माझी गाठ आहे! अख्ख्या उमुआहियात अशी गाठ दुसरी बाई मारत नाही! सकाळी चर्चमधून नमस्काराला आलीस ती मागच्या दारानं, माझ्या चुलीपाशी उभी होतीस... अगं, मागितला असतास तर हाड तरी दिलं असतं! चोरून न्यायचं आणि वर सजवून आम्हालाच आणून द्यायचं?”

ओगेचीकडे एकदा पाहताच उलोमाला सारे उमगले. मोठीची थाळी आल्याशिवाय धाकटीला पाठवता येत नव्हते. म्हणून ओगेचीने मर्सीच्या हातून पाठवले होते. मर्सीचे म्हणून. आणि घरधन्याचा घास सासऱ्यांच्या पानातून काढून कुणाला न कळता भाताखाली दडवला होता, ताईसाठी! हे आता अंगणात उघडे पडले, तर सासरच्यांचा अपमान करून माहेर भरणारी सून म्हणून ओगेची जन्मभर ऐकत राहील.

“हो,” उलोमा म्हणाली. “मी घेतला.”

“ऐका! ऐका सगळे!”

“मीच घेतला, आई. चुकले.”

इथे ओगेची गप्प राहू शकली असती. आधी एकदा राहिली होती. तिच्या मुलीच्या बारशाला उलोमा जुनेच कापड नेसून आली, तेव्हा अदाकूने तिला पाहुण्यांतून उठवून भांडी घासणाऱ्या बायकांत बसवले. ओगेचीने ते पाहिले, आणि पाहिले नाही असे केले. त्या दिवसापासून दोघी बहिणींमध्ये नमस्कार होता, थाळ्या होत्या, बोलणे नव्हते.

उलोमा वळली. फाटकापर्यंत जायचे, एवढेच. फाटकापर्यंत न रडता—

“ती खोटं बोलतेय!”

ओगेची अंगणाच्या मधोमध उभी होती.

“पेटा मी काढला. मी पाठवला. हिनं मला वाढवलं, स्वतः उपाशी राहून वाढवलं! माझ्या लहानपणी घरातलं कर्तं माणूस हीच होती, मग तो घास हिचा नाही तर कुणाचा? काय बोलायचं ते मला बोला. त्या दिवशी मी तोंड मिटून बसले... ताई, त्या दिवसानंतर मला माझ्याच मुलीच्या तोंडाकडे बघवत नाही गं!”

“माझ्या लेकाला, ओबिन्नाला येऊ दे घरी,” अदाकू डाव उगारत म्हणाली. “बघू दे त्याला, बायको काय उजेड पाडतेय! बापाच्या ताटातलं काढून...”

“अगं, थांब,” दुरू म्हणाले. “मला दात कुठे आहेत?”

“काय?”

“पेटा चावायला दात लागतात. किती वर्षं झाली, तू वाढतेस आणि मी खुर्चीखालून कुत्र्याला घालतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.” म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिले. “थाळी आत ने, पोरी. बहिणीला बसव.”

अदाकूने डाव कढईत आपटला आणि पाठ फिरवली. माफी तिने मागितली नाही, त्या दिवशी नाही, पुढेही नाही.

*

स्वयंपाकघरात ओगेचीने उलोमाचे दोन्ही हात धरले. “तू कशाला कबूल केलंस? चोर म्हणाल्या त्या तुला!”

“चोर नाही, पण...” उलोमाला तिच्या डोळ्यांत पाहवेना. अंगणात जे सहन झाले ते सोपे होते, खोटे होते. खरे अजून सांगायचे होते. “तो भात मला मर्सीचा वाटला, ओगे. दुसरीनं माझ्या मुलीच्या तोंडासाठी दिलेला घास, तो मी मुलीच्या देखत काढून घेतला. कामसीनं विचारलं, आपल्याला दिलंय ना? मी उत्तरसुद्धा दिलं नाही. का, तर तुझ्या घरी माझी थाळी आधी यावी! मोठी ना मी!... घरात तांदूळ नाहीत. कधीपासून नाहीत.”

“मला एकदा सांगायचं होतंस.”

“तुला? तुला सांगायचं म्हणजे...” ओगेची लहान असताना रात्री विचारायची, ताई, तू जेवलीस? आणि उलोमा म्हणायची, हो, केव्हाच. ते एकच खोटे ती इतकी वर्षे बोलत आली होती, भूक असताना, ताप असताना, आजसुद्धा.

ओगेचीने विचारले, “ताई, तू जेवलीस?”

बाहेर अदाकू कुत्र्याला शिव्या देत होती.

“नाही,” उलोमा म्हणाली. “भूक लागलीय गं.”

ओगेची रडत रडतच ताटे शोधू लागली. “न्वोसूभावजींना, कामसीला बोलावून घेते. आणि पुढच्या वर्षी आधी मी पाठवणार, रीत गेली खड्ड्यात, पुढच्या वर्षी—”

“पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी,” उलोमा चुलीजवळच्या बुटक्या बाकावर बसत म्हणाली. “आधी वाढ.”