लातूर येथे देय

पहिला कागद : मनीऑर्डर

त्या दोघांची पहिली गाठ पडली ती संगप्पा पोस्टमनच्या पिशवीत.

"पोरी, पितळ नांदेड कोण हाय?"

"मीच, संगप्पाकाका."

"तू कशी? तू अण्णारावची तनुजा. मला ह्या नावाचा माणूस दाखव, त्याची सही घेतो, सहाशे चाळीस रुपये देतो."

असा माणूस नव्हता. ते लिलावाच्या साइटवरचं दुकानाचं नाव होतं. मनीऑर्डर आल्या पावली परत निघाली. जाता जाता तनुजानं फॉर्मच्या तळाशी, संदेशाच्या बोटभर जागेत लिहिलेलं तेवढं वाचून घेतलं: *डबा नीट गुंडाळून पाठवावा. झाकण सैल करू नये. — दयानंद, लातूर.*

झाकण सैल करू नये. असं कुणी लिहितं का...

अण्णाराव कासारांचं भांड्यांचं दुकान. लोक जुनं पितळ मोडीत घालत, वजनावर नवं स्टील घेऊन जात. मोड वितळायला जाई. वर्षभरापूर्वी, दोन हजार दोनच्या दिवाळीत, तनुजानं त्या ढिगातून एक अडकित्ता बाजूला काढला, शहेबाजभाईच्या नेट कॅफेतून साइटवर टाकला आणि वजनाच्या अकरा पट भावानं विकला. तेव्हापासून ती ढीग उपसत होती.

विकणं सोपं होतं. पैसे मिळणं अवघड. ते टपालानं येत, म्हणजे काय काय येई. कुणी पन्नासच्या नोटा कार्बन पेपरात गुंडाळून पाठवी, पाकीट वाटेत हलकं होई. कुणी चेक पाठवून टपालखर्च आपल्या मनानं कापून घेई. परगावच्या चेकला वटायला दहा-बारा दिवस लागत आणि बँक वर वटणावळ कापी. एका बाईंनी ड्राफ्ट पाठवला, पण आत पत्रच नाही. तो कुठल्या वस्तूचा, हे कळायला महिना गेला. तोवर बाईंनी तक्रार केली. आणखी एका गृहस्थांनी न पाठवलेल्या पैशांबद्दल तक्रार केली.

दोन झाल्या. तिसरी आली की साइट खातं बंद करते. आणि अण्णारावांचं तिच्याशी ठरलं होतं : खातं चालतंय तोवर लग्नाचा विषय काढणार नाही. बंद पडलं, की परभणीच्या स्थळाला बोलवायचं. परभणीकरांचं भुसार दुकान होतं. त्यांच्या सुना दुकानात बसत नसत.

फोन

"हॅलो, पितळ नांदेड का?"

"तनुजा बोलते. पितळ नांदेड हे माणसाचं नाव न्हाई."

"मला वाटलंच. पण साइटवर तेच होतं की."

"पैसे कुणाच्या नावानं पाठवायचे ते मी खाली लिहिलं होतं."

"खाली कुठं?"

"शेवटी."

"शेवटपर्यंत मी गेलोच न्हाई हो. पानडब्याचा फोटो आला, तिथंच थांबलो."

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. कारण काही नव्हतं.

"एकवीस दिवसांत पैसे जमा व्हायला लागतात. न्हाईतर डबा दुसऱ्या नंबरच्या बोलीला जातो. पुण्याचे एक डॉक्टर हायत. तुमचे चार दिवस गेले."

"आज चेक टाकतो."

"नाव लिहून घ्या."

"लक्षात राहील," तो म्हणाला. त्यानं लिहून घ्यायला हवं होतं.

दुसरा कागद : चेक

चेक नवव्या दिवशी आला. बँकेतल्या कॅशियरनं तो दिव्याखाली धरला, शेजारच्याला दाखवला, मग तनुजाला. 'पैसे कुणाला' याच्यापुढं सुरेख अक्षरात लिहिलं होतं : *तनुजा मॅडम, पितळवाल्या.*

"मॅडम कशाला लिहिलं?" तिनं संध्याकाळी फोनवर विचारलं.

"नुसतं तनुजा लिहायला बरं वाटंना."

"बँकेला चालतं की."

"म्हणजे बँक तुम्हाला नुसतं तनुजा म्हणते?"

"बँक मला तनुजा अण्णाराव कासार म्हणते."

"मी पण म्हणू का?"

"चेकवर म्हणा," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की गल्ल्यापाशी अण्णाराव आहेत आणि ते कढईला किमतीची चिठ्ठी चिकटवायचं थांबलेले आहेत.

दयानंद अकरावी-बारावीला गणित शिकवायचा. लातूरच्या त्या भागात घरं कमी आणि शिकवण्यांचे फलक जास्त. गावोगावची पोरं तिथं डॉक्टर व्हायला येऊन राहिलेली. साडेसातची बॅच सुटली की तो एसटीडी बूथवर यायचा.

"मागं पाच पोरं उभी हायत. घरी फोन करायचाय म्हणून. पण कान इकडंच."

"त्यांना गणितं घाला."

"घालून राहिलो. उत्तरं काढून मोकळी झाली."

मीटर पडत राहायचं. बोलायला विषय एकच, पैसे कसे पाठवायचे. त्यावर माणसं किती बोलू शकतात, हे दोघांनाही नव्यानं कळत होतं.

दिवस बारावा

"एक विचारू का? खरं सांगाल?"

"विचारा."

"ह्या चुका... मुद्दाम करून राहिलात का?"

पलीकडं बूथमधल्या पोरांपैकी कुणीतरी खोकलं.

"मुद्दाम केल्या असत्या तर बरं झालं असतं. मला खरंच जमत न्हाई. गणित कुठलंही आणा, सोडवतो. फॉर्म दिसला की हात गार पडतो."

"का?"

"त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव गेलं. मी पंधरा वर्षांचा. दोन वर्षं फॉर्मच भरले. घराच्या यादीत माझं नाव वेगळं, धान्याच्या यादीत वेगळं. एका साहेबानं सांगितलं, तू तो न्हाईसच. मी तिथंच उभा. तेव्हापासून लोक एकमेकाला ज्या नावानं हाक मारतात, तेच माझ्या हातून उतरतं."

तनुजानं काउंटरवरचं पितळेचं फुलपात्र उलटं ठेवलं, परत सुलटं ठेवलं.

"आणि डबा?"

"झाकणावर नाव बघितलं का?"

तिनं बघितलं होतं. छिन्नीचे ठोके देऊन घातलेली अक्षरं : *कस्तुराबाई यांस माहेरची भेट.* पानडबा तिच्या वडिलांच्या ढिगात कधी आला, कुणाला आठवत नव्हतं.

"आई हाय ती माझी. पत्र्याच्या शेडात राहत होतो, तेव्हा पाणी भरायला भांडं नव्हतं. डबा मोडीत घातला, दोन बादल्या आणल्या. त्यावर कधी बोलली न्हाई. बादल्यांवर मात्र लई बोलते, एक गळकी निघाली म्हणून."

ती हसली. मग हसू थांबलं, पण तिनं फोन ठेवला नाही. त्यानंही नाही. मीटर तेवढं पडत राहिलं.

तिसरा कागद : पुण्याचा ड्राफ्ट

चौदाव्या दिवशी रजिस्टर पाकीट आलं. साइटनं पुण्याच्या डॉक्टरांना कळवलं होतं, की पहिल्या बोलीचे पैसे आले नाहीत तर डबा तुमचा. डॉक्टरांनी वाट न पाहता ड्राफ्ट पाठवून दिला. नाव बरोबर. रक्कम बरोबर. नांदेड शाखेवर काढलेला. सोबत वस्तूचा क्रमांक, टाईप केलेलं पत्र, स्वतःचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी, परतीच्या टपालाचं तिकीट.

"बघ," अण्णाराव म्हणाले, "याला म्हणतात गिऱ्हाईक."

वर्षभरात बिनचूक आलेला तो एकच कागद. तनुजानं तो वहीत ठेवला. बँक चार दुकानं सोडून होती. ती सात दिवस तिकडं गेली नाही.

दिवस एकविसावा

दुपारपासून भुरभुर चालली होती. एक उंच, किडकिडीत माणूस दुकानासमोर उभा राहिला. त्याच्या चष्म्यावर थेंब होते आणि ते पुसायला कोरडं काही नव्हतं. त्यानं आधी पाटी वाचली. मग तिला.

"तनुजा अण्णाराव कासार?" हजेरी घ्यावी तसं तो म्हणाला.

तिनं आपल्या ओढणीचं टोक पुढं केलं. मग ते बरं दिसत नाही असं वाटून काउंटरवरचं फडकं दिलं. फडकं ब्रासोचं होतं. त्यानं चष्मा पुसला, आणि तो जास्तच धूसर झाला.

"टपालावर सोडलं न्हाई या वेळी," तो म्हणाला. "सुट्टी काढली, स्वतःच घेऊन आलो."

त्यानं शर्टाच्या आतल्या खिशातून ड्राफ्ट काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, कोरडा. तिनं नाव वाचलं. संपूर्ण, एकही अक्षर इकडं तिकडं नाही. रक्कम वाचली. मग खालची ओळ वाचली, आणि तिनं ओठ घट्ट मिटले.

"काय झालं?"

"काही न्हाई."

"सांगा की."

"लातूर येथे देय."

"म्हणजे?"

"म्हणजे हा लातूरलाच वटतो. इथं टाकला तर वसुलीला दहा-बारा दिवस."

दयानंदनं चष्मा काढला. "त्यांनी विचारलं, कुठं द्यायचा. मी म्हणालो, इथंच द्या, आत्ताच. लई खुशीत होतो मी..."

त्याच्याजवळ परतीच्या एसटीचे पैसे होते आणि वर बारा रुपये. बँकेच्या कामाचे तास संपायला चाळीस मिनिटं. पुण्याचा ड्राफ्ट वहीत होता आणि बँक चार दुकानं सोडून.

तनुजा आत गेली. बाहेर आली ती पानडबा घेऊन. चार घड्या वर्तमानपत्राच्या, वर सुतळी. झाकण सैल केलेलं नव्हतं.

"असं नका करू," तो हळूच म्हणाला. "तुमचं खातं जाईल."

"माझं खातं हाय. मी बघते."

"मग पैसे..."

"घरी जा, दयानंद. एसटी चुकेल."

सर नाही, साहेब नाही. बँकेनं म्हटलं असतं तसंही नाही. तो डबा छातीशी धरून पावसात उतरला आणि दोनदा मागं वळला. दुसऱ्यांदा वळला तेव्हा एका सायकलला अडला.

"पैसे आले?" अण्णारावांनी विचारलं.

"आले."

"कुठं?"

"लातूरला."

तिसरी तक्रार

ती सभ्य भाषेत होती. डॉक्टरांना त्यांचा ड्राफ्ट रजिस्टरनं परत मिळाला होता आणि नियमानं डबा त्यांचाच होता. तनुजाला त्यांची बाजू मान्य होती. चार दिवसांनी शहेबाजभाईनं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला. 'पितळ नांदेड' बंद.

"ये दुकान के नाम पे था, बहन," तो म्हणाला. "तुम्हारे अपने नाम का बँक खाता हो, पता दूसरा हो, तो नवीन उघडता येतं. मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं."

बँकेतलं खातं वडिलांसोबत जोडून होतं. पत्ता एकच, दुकानाचा.

अण्णारावांनी आवाज चढवला नाही. "ठरलं होतं आपलं. परभणीकर रविवारी येतेत."

"येऊ द्या. त्याआधी लातूरचा ड्राफ्ट वटवून येते."

"टपालानं पाठव की."

"टपालानं?" तनुजा म्हणाली. वर्षभर टपालाचा जाच अण्णारावांनीही बघितला होता. आणि सहाशे चाळीस रुपये परगावी सोडून देणं हे तर व्यापाऱ्याला जमणारच नव्हतं.

लातूर

बँकेच्या खिडकीमागं शिवगंगाबाई होत्या. त्यांनी ड्राफ्टवरच्या दोन तिरक्या रेघा पेनानं दाखवल्या.

"रोख मिळत न्हाई. खात्यातच जमा होतो. खातं हाय का इथं?"

"न्हाई."

"मग उघडा. ओळख देणारा पाहिजे, आमच्याकडं खातं असलेला."

"मी हाय," मागून दयानंद म्हणाला. तो दहाची बॅच सोडून आला होता. डबा घरी नेला त्या रात्रीपासून त्याचं झाकण काढता-लावताना आई काय काय बोलली, ते सगळं सांगायचं ठरवून आला होता. आता मात्र नुसता उभा होता.

दोघं बाकावर बसले. मध्ये फॉर्म.

"रविवारी परभणीचे लोक येणार हायत," ती फॉर्मकडं बघत म्हणाली. "मला बघायला."

पंख्याखाली कागदाची कड उडत होती. त्यानं त्या कडेवर बोट ठेवलं.

"तुम्ही काय सांगणार?"

"कुणी आधी विचारलंच न्हाई, तर काय सांगू..."

त्यानं तिच्या हातातून पेन घेतलं. घाम पुसला. 'पत्ता' असं छापलं होतं, तिथून सुरुवात केली. हळू लिहीत होता, एकेक अक्षर, पुस्तकातली आकृती उतरवावी तसा. घर नंबर. गल्ली. शिकवणीच्या मागं. लातूर.

तनुजानं वाचलं.

"हा तर तुमचा पत्ता."

"हाव."

"चुकून लिहिला?"

"न्हाई. हा एकच मुद्दाम." त्याचा कान लाल झाला होता, एकच, तिच्या बाजूचा. "शनिवारी आईला घेऊन नांदेडला येतो. तुम्ही हो म्हणलात तर. न्हाईतर खोडतो."

"खाडाखोड बँकेला चालत न्हाई," ती म्हणाली.

तिनं पेन परत घेतलं, वरच्या रिकाम्या रकान्यात आपलं नाव लिहिलं आणि खाली सही केली.

शिवगंगाबाईंनी फॉर्म वाचला. पत्ता वाचला, ओळख देणाऱ्याचा पत्ता वाचला, दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. पासबुक लिहायला घेता घेता त्या थांबल्या.

"पुढं नाव बदलायचं असलं तर आत्ताच सांगा, ताई. नंतर सगळे कागद लागतेत."

तनुजानं तोंड उघडलं, पण दयानंद आधी बोलला.

"बदलायचं न्हाई," तो म्हणाला. "तेच राहू द्या. ते नीट लिहायला मला एकवीस दिवस लागले."