वीस मिनिटांनी उठवा

"ऐका ना, मला वीस मिनिटांनी उठवाल का?"

एवढंच म्हणाली ती. शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय हे पाहिलंसुद्धा नाही. त्या अभ्यासिकेत तशी पद्धतच होती. परीक्षा जवळ आल्या की शेजाऱ्याला सांगायचं आणि टेबलावर हात आडवे टाकून त्यात डोकं खुपसायचं. वेळ झाली की शेजाऱ्याने पेन्सिलीने टकटक करायची. ओळख ना पाळख, पण यात कुणी कुणाला दगा देत नसे. काय दिवस होते ते!

तिला जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन सरकत सरकत समोरच्या भिंतीवर जाऊन बसलं होतं. गालावर स्वेटरच्या विणीचे वळ उठले होते. तिने घड्याळ पाहिलं आणि ती ताडकन सरळ बसली. चांगली तीन तास झोपली होती ती!

"तुम्ही मला उठवलं का नाही?"

शेजारच्या मुलाने पुस्तकातून मान वर केली. केस ओले, डोळ्यांभोवती पोहण्याच्या चष्म्याची लाल वर्तुळं.

"उठवणार होतो."

"मग?"

"तुम्ही घोरत होतात. कुणी एखादी गोष्ट इतक्या मनापासून करत असलं की मध्ये पडू नये."

"मी घोरत नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली की ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून डोळे वटारले. मग तिने आवाज खाली आणला. "तुम्ही कबूल केलं होतंत."

"मान हलवली होती फक्त. लेखी नाही, साक्षीदार नाही. कोर्टात टिकायचं नाही."

"वकील आहात?"

"होईन... परीक्षेच्या मनात आलं तर."

तिने रागारागाने पिशवी उचलली. धांदलीत पिशवीचं तोंड उघडं राहिलं आणि मांडीचं एक लांबलचक हाड खडखडत फरशीवर पडलं. होऊ घातलेले वकीलसाहेब पांढरेफटक पडले.

"हे... हे कुणाचं?"

"मागच्या वेळी ज्याने मला उठवलं नव्हतं, त्याचं," ती म्हणाली आणि हाड काखोटीला मारून तरातरा निघून गेली.

जिना उतरताना मात्र तिला हसू फुटलं. कित्येक आठवड्यांनी डोकं हलकं वाटत होतं. आणि हे त्या मुलामुळे झालं, याचा तिला आणखी राग आला.

तिच्या रागाला कारण होतं बरं का! ती डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती. मागच्या वर्षी तोंडी परीक्षेत परीक्षक मॅडमनी मनगटातलं एक एवढंसं हाड तिच्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "हे कोणतं?" तिला येत होतं! पण कानात शीळ घुमायला लागली, बोटं गार पडली, श्वास छातीत अडकला. हाड टेबलावर ठेवून ती सरळ बाहेर निघून आली. घरी सांगितलं, ताप होता. आता दुसरी संधी होती, आणि तीच शेवटची. या खेपेला गेली की प्रवेश रद्द, डॉक्टरकीचं नाव कायमचं सोडायचं. म्हणून तिने झोप कमी केली, जेवण उभ्याउभ्या उरकलं, मैत्रिणी तोडल्या. आणि जितकं वाचावं तितकं डोक्यातून निसटत होतं. फणीत केसांचे पुंजके यायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी तिच्या नेहमीच्या खुर्चीवर त्याचं जाडजूड पुस्तक होतं. ती आल्यावर त्याने ते उचललं.

"जागा धरली होती. कालची नुकसानभरपाई."

"मी आज झोपणार नाहीये."

"मग चालायला चला. माझा नियम आहे, डोळे ओळीवरून घसरायला लागले की पाण्याच्या टाकीला एक फेरी."

"मला वेळ नाही."

"मग मांडीचं हाड काय कामाचं?"

ती गेली. का गेली, कुणास ठाऊक! मग रोजच जायला लागली. टाकीभोवतीच्या त्या पायवाटेवर अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. सकाळी तो लहान मुलांना पोहायला शिकवायचा. मुलं त्याला 'बेडूक' म्हणायची. तीही म्हणायला लागली.

एका संध्याकाळी बारीक बारीक पाऊस लागला. दोघं टाकीच्या जिन्याखाली उभे राहिले — इतके जवळ, की तिला त्याच्या शर्टाला येणारा तलावाच्या पाण्याचा वास कळत होता. आणि तिने कुणालाच न सांगितलेलं सांगून टाकलं. हाड, कानातली शीळ, खोटा ताप, सगळं.

"भित्री आहे ना मी?" तिने शेवटी विचारलं.

"भीती थोडी हवीच गं. ज्या पोराला पाण्याची अजिबात भीती वाटत नाही, त्याच्यावरच मला डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. पण घाबरलं की पोरं श्वास घेत सुटतात. घेतात, घेतात, सोडतच नाहीत! म्हणून पहिल्या दिवशी मी पोहायला शिकवतच नाही. पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला लावतो. आधी सोडायला शिकायचं. घेणं आपोआप जमतं."

"म्हणजे मी मॅडमसमोर बुडबुडे काढू?"

"पाण्याशिवाय काढ. आत्ता... हं, सावकाश. अजून सावकाश."

तिने ओठांचा चंबू करून श्वास सोडला. त्यानेही सोडला. दोघांनी एकमेकांची तोंडं पाहिली आणि हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि आणखी एक," तो गंभीर होऊन म्हणाला. "आईला खरं सांग."

"वेडा आहेस का?"

"परीक्षेचं ओझं आहेच. वर त्या तापाचं ओझं कशाला वाहतेस?"

रात्री तिने फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं बाळा, एवढं मनात ठेवून कशी राहिलीस? पास हो, नापास हो, घर कुठे पळून चाललंय? आणि कॉलेजात मुलांशी बोलायला कुणी बाई असतात म्हणे, त्यांनाही भेट." त्या रात्री ती सकाळपर्यंत गाढ झोपली. पुढे त्या समुपदेशक बाईंनाही भेटून आली, दोनदा.

परीक्षेचा दिवस उजाडला. त्याच मॅडम, तेच टेबल. आणि फुटक्या नशिबाची कमाल बघा, हातावर मनगटाचंच हाड! बोटं गार पडली. कानात शीळ सुरू झाली...

"मॅडम," ती म्हणाली, "मला क्षणभर वेळ द्याल?"

मॅडमनी वर पाहिलं. "घे की. पाणी हवंय?"

एवढं सोपं होतं हे! मागच्या वर्षी मागायचं सुचलंच नव्हतं. तिने ओठांचा चंबू केला. सोडला श्वास. सावकाश... अजून सावकाश. जिन्याखालचा तो पाऊस आठवला, तो बेडूक आठवला, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मग तिने हाड बोटांत फिरवलं आणि बोलायला लागली. बोलतच राहिली.

"पुरे, पुरे, पास आहेस तू," मॅडम हसून म्हणाल्या. "मागच्या वर्षी कुठे होतीस?"

ती धावतच अभ्यासिकेत गेली. तो त्याच खुर्चीत होता, पण हातांत डोकं खुपसून झोपलेला. ग्रंथपालबाई हळूच जवळ आल्या.

"काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही म्हणे त्याचा. तुझी परीक्षा ना आज! सांगून झोपलाय, ती आली की उठवा."

बाईंनी टकटक करायला पेन्सिल उचलली. तिने अलगद त्यांचा हात धरला. जगाला श्वास सोडायला शिकवणारा हा, आणि तिच्यासाठी स्वतःचाच रोखून बसला होता! तिला एकदम भरून आलं. ती शेजारी बसून त्याच्याकडे बघत राहिली.

त्याचे डोळे उघडले ते थेट तिच्यावरच. तो दचकून उठला. "काय झालं?"

"पास. घोरतोस तू."

"उठवायचं ना मग!"

"तू मला का उठवलं नव्हतंस? खरं सांग. कोर्टातलं नको."

तो टेबलावरची पेन्सिल इकडून तिकडे फिरवत राहिला.

"वीस मिनिटांनी हात पुढे केला होता गं... पण म्हटलं, उठवलं तर ही उठून निघून जाईल."

तिने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, आणि तो हात मात्र सोडला नाही.

त्या अभ्यासिकेच्या जागी आता कपड्यांचं मोठं दुकान आहे. ती दवाखाना चालवते, तो कोर्टात भांडतो. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की ती पलंगावर आडवी होते आणि म्हणते, "ऐक ना, वीस मिनिटांनी उठव."

"हो," तो म्हणतो, आणि पडदा ओढून घेतो.

आजवर त्याने एकदाही उठवलेलं नाही.