आखाड्यातलं शीड

चंदरला यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. म्हणजे पुढचं खोटं वाटणार नाही.

कोरड्या जमिनीवरची नोकरी. मुंबईत एका गोदामावर पहारेकरी. खाकी सदरा, पायांत बूट, महिन्याला पगार. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आईची झोप.

त्याचा बाप कान्हा आदल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एकटाच होडी घेऊन गेला होता. होडी सापडली नाही. कान्हाही नाही. तेव्हापासून आवडाबाई, चंदरची आई, पोराला होडीवर चढू देत नव्हती. आणि आमच्या कोळीवाड्यात होडी सोडून दुसरं करण्यासारखं होतं काय?

मला काय मिळणार होतं? तेच.

जागा एकच होती.

मी सदा. चंदरचा शेजारी, त्याच्याच वयाचा. यातलं बहुतेक सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि थोडं या हातांनी केलं आहे. मांडव्याच्या दक्षिणेला आमचं गाव. साल १९५८. माघातला रविवार, सकाळचे साडेनऊ. असल्या गोष्टी अमावास्येची वाट पाहतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

सुरुवात धर्माजीपासून झाली.

बारा वर्षं बोटीवर कोळसा ओढून धर्माजी घरी आला. लोक परदेशातून घड्याळ आणतात, रेडिओ आणतात. याने जपानच्या कोबे बंदरातून कुस्ती आणली. ज्युदो.

"अंगात लय बळ नको," तो म्हणायचा. "समोरच्याचं बळ घ्यायचं आणि त्यालाच पाडायचं."

"म्हंजे फुकटात?" मी विचारलं.

"तुला बरोबर तेवढंच कळलं, सद्या."

गावची तालीम ओस पडली होती. तिथे त्याने शिकवायला सुरुवात केली. नुसत्या मातीवर हे जमत नाही, पडणारा मोडतो. म्हणून आम्ही पेंढा अंथरला. वरून ताणून बांधायला जाड कापड हवं होतं.

खाडीच्या तोंडाशी एक शीड वाळूत अर्धं गाडलेलं होतं. उन्हाने, खाऱ्या पाण्याने विटलेलं. पण मजबूत. दोन ठिगळं, बाकी सगळं धड. आखाड्याला बरोबर पुरेल एवढं.

आमच्यात बुडालेल्या होडीचं शीड उचलत नाहीत. ते भरतीचं, समुद्राचं असतं. धर्माजीला हे माहीत होतं. मलाही.

दोघांनी मिळून उचललं. कोणाच्या होडीचं, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर परत ठेवावं लागलं असतं.

आता ज्युदोतली हरण्याची रीत सांगतो. पकड सोसेना झाली की खालच्याने हात दोनदा जमिनीवर आपटायचा. थप, थप. वरच्याने त्याच क्षणी सोडायचं. खालचा हरला.

"ते ऐकून जो सोडत न्हाय," धर्माजी म्हणायचा, "तो माणूस न्हाय."

तिसऱ्या आठवड्यात मी चंदरला खाली दाबून धरलं होतं.

थप... थप.

मी सोडलं.

चंदर उठून बसला. "सोडलंस का रं?"

"तूच हात आपटलास."

"मी? माझे दोन्ही हात तुझ्या बाहीला व्हते!"

अंबाजी म्हणून एक जाडा गडी होता, तो भिंतीला टेकून म्हणाला, "हरला की माणूस सोताचे हात पण इसरतो."

सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी खाली असलो तर आवाज नाही. अंबाजी खाली असला तर नाही. चंदर खाली गेला की मात्र...

थप. थप.

दर वेळी हार चंदरच्या नावावर. हसणं हळूहळू बंद झालं.

एके दिवशी चांगल्या उजेडात धर्माजीने त्याला उताणा निजवलं. दोन्ही हात छातीवर जोडायला लावले. मला वर बसवलं. बाकीचे भोवती उभे राहिले.

कोणी हललं नाही.

बाहेर सुकत घातलेल्या बोंबलांवर कावळे ओरडत होते. तेवढाच आवाज.

मग...

थप. थप.

चंदरच्या पाठीखालून.

धर्माजीने शीड सोडून उचललं. खाली पेंढा. कोरडा ठणठणीत.

शिडाची खालची बाजू मात्र ओली होती. थेंब गळत होते.

पाऊस जाऊन तीन महिने झाले होते.

धर्माजीने ओलं बोट जिभेला लावलं. शीड पुन्हा बांधलं.

"रविवारी सायेब येनार हाय," एवढंच म्हणाला.

गोदामाचा साहेब येऊन एक गडी निवडणार, हे त्यानेच जमवलं होतं. साहेब खूश झाला तर धर्माजीला मुंबईत शिकवायला जागा मिळणार होती. फुकटात कोणीच काही करत नव्हतं.

शुक्रवारी आवडाबाई चंदरला शोधत आली. तालमीत बायका येत नाहीत, म्हणून उंबऱ्याबाहेर थांबली. तिथून तिची नजर खाली गेली.

तिने डोक्यावरची टोपली उतरवली. उंबरा ओलांडला. वाकून ठिगळावरून हात फिरवला.

"ही शिवण माझी हाय."

तिने ठिगळाची कड वर केली.

"हितं दोरा पुरला नव्हता. जाळ्याचं सूत घातलं मी. हे बघ."

चंदरने तिला आवाजाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"बाप हाय तो तुझा. सोड म्हनतोय. सोड हे सगळं."

"जिता व्हता तवा होडीवर चल म्हनायचा," चंदर म्हणाला. "आता जमिनीवर पन जगू देत न्हाय. मला हरवतोय तो, आये. नोकरी लागू नये म्हनून."

"न्हायतर वाचवत असंल."

"कोनापासून? या सद्यापासून?"

चंदर हसला.

मीही हसलो.

शीड बदलायला दुसरं कापड नव्हतं. रविवार दोन दिवसांवर होता.

शनिवारी चंदरने मला किनाऱ्यावर गाठलं.

"सदा, उद्या आवाज आला तरी सोडायचं न्हाय. मला हरायचं झालं तर मी तोंडानं सांगीन. 'सोड' म्हनीन. ते ऐकलंस तरच सोड. घे शपथ."

मी घेतली.

एक गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. गळ्याची पकड बसली की तोंडातून शब्द निघत नाही.

चंदरच्या ध्यानात आली नव्हती, हे नक्की.

रविवारी साहेब खुर्ची टाकून बसला. अंबाजी आणि बाकीचे लवकर बाद झाले. उरलो मी आणि चंदर. तो माझ्यापेक्षा चांगला होता. दोनदा त्याने मला अलगद उचलून टाकलं. साहेबाने मान हलवली, आणि मला कळलं, जागा गेली.

तिसऱ्या वेळी त्याचा पाय घसरला. कोरड्या शिडावर.

मी वर पडलो. त्याच्या अंगरख्याच्या दोन्ही गळपट्ट्या हातात आल्या. ओढल्या. माझं कपाळ त्याच्या कानाशेजारी शिडावर टेकलं होतं. मला काही दिसत नव्हतं.

थप... थप.

मी सोडलं नाही.

थप, थप.

मी शब्दाची वाट पाहत होतो.

थप थप थप थप...

माझा कान शिडाला लागला होता. आवाज खालून येत होता. दोन्ही तळव्यांनी, जोरजोरात. बंद दारावर आपटावं तसा. माझ्या कपाळाला गार ओल लागली.

मग आवाज थांबला.

मला वाटलं, बरं झालं.

खरंच, एवढंच वाटलं.

धर्माजीने मला ओढून बाजूला काढलं. चंदरची बोटं माझ्या बाहीत रुतली होती. दोन्ही हातांची. एकेक बोट सोडवावं लागलं.

त्याने एकदाही हात आपटला नव्हता. सगळ्यांनी पाहिलं होतं.

"नियमाने याची चूक नाही," साहेब म्हणाला. मग पायांखाली बघत राहिला. "इथे खाली तळघर आहे का?"

"न्हाय," धर्माजी म्हणाला.

अलिबागहून डॉक्टर येईपर्यंत दुपार झाली. हृदय बंद पडलं, असं त्यांनी लिहिलं. आवडाबाईने स्वतःच्या हाताने शीड सोडलं, गुंडाळलं, डोक्यावर घेतलं आणि घरी नेलं. आमच्यात घरी नेत नाहीत. पण तिला अडवायला कोणी पुढे झालं नाही.

आता कोणाला काय मिळालं, कोणाचं काय गेलं, ते सांगून संपवतो.

साहेबाला पहारेकरी मिळाला. धर्माजी तालमीला कुलूप लावून पुन्हा बोटीवर गेला. मुंबईची जागा त्याने मागितली नाही, म्हणजे त्याचं तेवढं गेलं.

मी एकतीस वर्षं नोकरी केली. खाकी सदरा, बूट, पगार, सगळं मिळालं. त्या दिवशी रडू आलं नाही, पुढेही कधी आलं नाही. उजव्या हाताच्या बोटांना मात्र तेव्हापासून काही कळत नाही. चहाचा पेला गरम की गार, ते ओठाला लावून बघतो. दोन डॉक्टर झाले. शिरा ठीक आहेत म्हणतात. माझ्याकडून वसूल झालं ते एवढंच. फारच थोडं आहे. म्हणून भीती वाटते.

बाकी सगळं आवडाबाईने दिलं.

नवरा समुद्राला.

मुलगा मला.