गरम नळाखालचे हात

"हात धुतेस की भाजी?"

मी दचकले. ओटारा वस्तीतल्या चर्चचा हॉल, त्यामागचं स्वयंपाकघर, पत्र्यावर पाऊस... आणि मी कधीची गरम नळाखाली बोटं धरून उभी. दारात सोआने. गेल्या वर्षीच्या गेम-स्पर्धेचा विजेता. तोंडात पॅनिकेकेचा गोड तळलेला गोळा, काखेत कंट्रोलर.

"गार पडलेत," मी म्हटलं.

"थरथरतायत."

"तेही."

बाहेर मोठ्या पडद्यावर मारामारीचा गेम, समोर खुर्च्यांवर अख्खी वस्ती. घरी मी भावांना लोळवते. इथे मात्र दर वेळी पहिल्याच सामन्यात बोटं दगा देतात. आजही दिला, तर पुन्हा यायचं नाही, असं ठरवून आले होते.

त्याने आपला हात नळाखाली सरकवला. माझ्या हाताशेजारी. तोही — कापत होता.

"तू? तुला कसली भीती?"

"आधी खेळू. मग सांगतो, लागी."

माझं नाव याला ठाऊक होतं...

माइकवर पुकारा झाला. लागी विरुद्ध सोआने.

*तयार?*

पहिली फेरी माझी. कशी, कळलंच नाही. दुसरीतही तो भिंतीला टेकलेला, एक लाथ पुरे, आणि माझा अंगठा घसरून —

*थांबलं.*

पडदा गोठला. चालू सामन्यात थांबवायचं बटण दाबलं, की फेरी समोरच्याची. शेंबड्या पोरांनाही ठाऊक असलेला नियम.

"आवे, अगं बाई!" मागच्या खुर्चीवरून लोसामावशी, "पोरीने चहासाठी थांबवला की काय?"

हॉल हसला.

"राहू दे," सोआने हळूच म्हणाला. "चालू कर. अशी फेरी नकोय मला."

"दया करतोस?"

"नाही गं..."

"मग घे. नियम आहे."

बोलून गेले. ज्याला घाबरत होते ते घडूनही गेलं होतं, सगळ्यांदेखत. पाऊस पडतच होता. मी खाली पाहिलं. बोटं स्थिर. इतकी, की माझीच मला ओळखू येईनात.

*पुन्हा. शेवटची फेरी.*

हॉलचा आवाज ऐकूच येत नव्हता. तो कुठे येणार ते आधीच दिसायचं, बोटं तिथे पोचलेली असायची. मी खेळत कुठे होते? बघत होते — थक्क होऊन.

मग हॉल उठून उभा राहिला.

रीतीप्रमाणे सोआनेने मूठ पुढे केली. मी माझी टेकवली. त्याची अजून कापत होती.

"हरलास की. आता कसली थरथर?"

"सामन्याची नव्हतीच ती."

मूठ उघडली. माझ्या मुठीभोवती मिटली.

माझे हात तसेच, स्थिर. बाकीची मी मात्र —